राज्याची सीमा ओलांडणारी शिष्यवृत्ती कोणती? गोव्याबाहेरच्या सार्वजनिक विद्यापीठांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पेडण्याची एक मुलगी आणि सावंतवाडीची एक मुलगी पुण्याच्या एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयात, एकाच वर्गात शिकत आहेत, अशी कल्पना करू. दोघींचे गुण जवळपास सारखे, घरचे उत्पन्न सारखे, बोलीतसुद्धा फारसा फरक नाही. सावंतवाडीची मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास वर्गातील असेल, तिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल आणि तिचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल, तर जुलै २०२४ मधील शासननिर्णयानुसार तिचे संपूर्ण शिक्षण शुल्क महाराष्ट्र शासन सोसते. पेडण्याच्या मुलीला तेच शुल्क पूर्ण भरावे लागते. दोघींच्या घरांमध्ये तेरेखोलचे पात्र आहे, एवढाच काय तो फरक. पण शिष्यवृत्तीच्या हिशेबात तो निर्णायक ठरतो.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की गोव्यातील पालक विचारतात, ‘इतके टक्के पडले, बाहेर शिष्यवृत्ती मिळेल का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. आपल्या देशातील शिष्यवृत्ती केवळ गुणांना बांधलेली नसते. ती कोणत्या तरी खुंटीलाही बांधलेली असते. काही शिष्यवृत्त्या अधिवासाला बांधलेल्या असतात, काही बारावीच्या परीक्षा मंडळाला, काही प्रवेशाच्या मार्गाला, तर काही एखाद्या विशिष्ट संस्थेला. राज्याबाहेर पाऊल टाकताच यांपैकी काही तुटतात, काही टिकतात, आणि एक तर अशी आहे की जी सीमा ओलांडल्याशिवाय मिळतच नाही. म्हणून टक्क्यांच्या आधी खुंटी शोधावी.

परकेपणाचा कायदा

राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याकडून अधिक पैसे घेणे किंवा त्याला सवलत नाकारणे घटनेला धरून आहे काय, हा वाद जुना आहे, आणि तो मराठी वस्ती असलेल्या एका शहरातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तत्कालीन मध्यभारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते. बाहेरच्यांकडून ते घेतले जाई. दिल्लीचा रहिवासी असलेल्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५ मध्ये न्यायालयाने बहुमताने राज्याची बाजू मान्य केली. घटनेचे १५ वे कलम जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते. वास्तव्याचे ठिकाण ही वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्या रहिवाशांच्या शिक्षणासाठी राज्याने खर्च करणे गैर नाही, असे त्या निकालाचे सार होते. न्या. जगन्नाथदास यांनी भिन्न मत नोंदवले. कॅपिटेशन शुल्काविषयीचा कायदा पुढे पुष्कळ बदलला. जन्मस्थान आणि वास्तव्य यांतला तो भेद मात्र आजही राज्यांच्या बहुतेक सवलतींच्या मुळाशी आहे.

त्यानंतर न्यायालयाने या भेदाला मर्यादा घातल्या. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे सांगून वैद्यकीय जागा सरसकट स्थानिकांसाठी राखून ठेवण्यास आळा घातला गेला. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरले. पण हे निकाल जागांविषयी आहेत. राज्याच्या तिजोरीतून कोणाला शिष्यवृत्ती द्यायची, हा अधिकार राज्याकडेच आहे. बाहेर जागा मिळाली म्हणजे बाहेरची सवलतही मिळेल, हे गृहीतक येथेच कोसळते.

तीन वर्षे पुण्यात राहिले की तिथले अधिवास प्रमाणपत्र मिळते, असाही एक समज आढळतो. महाराष्ट्रात त्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षांचे वास्तव्य लागते. कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेतील सर्वसामान्य पात्रतेसाठी पहिली ते बारावीपैकी किमान ७ शैक्षणिक वर्षे त्या राज्यात शिकलेले असावे लागते. वसतिगृहाच्या पत्त्यावर यांपैकी काहीही साधत नाही.

गोमंतकीय विद्यार्थ्याचे हे परकेपण एका अर्थाने नवेच आहे. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. पणजीहून पदवी घेऊन मुंबईत पदव्युत्तर शिक्षणाला गेलेला विद्यार्थी निदान विद्यापीठाच्या नोंदवहीत तरी पाहुणा नव्हता. आज त्याला स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता अर्ज आणि त्याचे शुल्क या पायऱ्या चढाव्या लागतात.

सीमा ओलांडणाऱ्यालाच मिळणारी शिष्यवृत्ती

वर उल्लेखिलेला अपवाद कृषी शिक्षणातला आहे, आणि गोव्याला तो जितका उपयोगी आहे तितका तो येथे ठाऊक नाही. भारतीय कृषी संशोधन परिषद राष्ट्रीय प्रज्ञा शिष्यवृत्ती देते. परिषदेच्या अखिल भारतीय कोट्यातून प्रवेश घेऊन जो विद्यार्थी स्वतःच्या अधिवासाच्या राज्याबाहेरील कृषी विद्यापीठात दाखल होतो, त्यालाच ती मिळते. बाहेर जाणे ही येथे अडचण नसून पात्रतेची अट आहे.

या उफराट्या अटीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कृषी विद्यापीठे राज्यांच्या अखत्यारीत असल्याने तिथलाच विद्यार्थी, तिथेच पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे तिथेच अध्यापन, असे बंदिस्त चक्र तयार होते. एका प्रदेशाची पिके, एकाच गुरुकुलाच्या पद्धती आणि तेच ते विषय पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. हे चक्र मोडावे, विदर्भातील मुलाने तमिळनाडूत आणि केरळमधील मुलीने पंजाबात शिकावे, यासाठी परिषदेने राज्य कृषी विद्यापीठांतील पदवीच्या २० टक्के आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या ३० टक्के जागा अखिल भारतीय प्रवेशासाठी घेतल्या आहेत. ही शिष्यवृत्ती त्या जागांना जोडलेली आहे.

आता गोव्याच्या नकाशाकडे पाहावे. गोव्यात राज्य कृषी विद्यापीठ नाही. सुळकर्णे येथील खासगी कृषी महाविद्यालय गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे. मात्र एका बाजूला दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे, तर दुसऱ्या बाजूला धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ. पहिले १९७२ चे, दुसरे १९८६ चे. गोव्याच्या मुलाला ही दोन्ही राज्याबाहेरची आणि तरीही हाकेच्या अंतरावरची. दापोलीत भात, आंबा, काजू, नारळ, मसाला पिके हीच शिकायची. म्हणजे आपल्याच कुळागराचे शास्त्र. सिंधुदुर्गचा मुलगा दापोलीला गेला तर त्याला ही शिष्यवृत्ती नाही, कारण तो स्वतःच्या राज्यातच आहे. सत्तरीचा मुलगा परिषदेच्या कोट्यातून तिथेच गेला तर त्याला ती आहे. पेडण्याच्या मुलीवर झालेला अन्याय येथे उलटा फिरतो.

कृषी शिक्षण म्हणजे केवळ शेती नव्हे, हेही लक्षात घ्यावे. उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, दुग्धतंत्रज्ञान, अन्नतंत्रज्ञान आणि मत्स्यशास्त्र हे पदवी अभ्यासक्रम याच प्रवेशप्रक्रियेत येतात. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय दापोली विद्यापीठाचे आहे. मंगळूरचे १९६९ मध्ये सुरू झालेले मत्स्य महाविद्यालय हे देशातील या विषयाचे पहिले महाविद्यालय. ज्या राज्याच्या जेवणाचे पान मासळीशिवाय वाढले जात नाही, तेथील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी यांखेरीज तिसरा रस्ता दिसू नये, हे नवल आहे. पशुवैद्यकीय पदवी मात्र यात नाही. तिचे प्रवेश नीटच्या आधारे वेगळ्या प्रक्रियेतून होतात.

यातील खोच प्रवेशाच्या मार्गात आहे. पदवीसाठी हा मार्ग सीयूईटी परीक्षेतून जातो. परीक्षेच्या अर्जात कृषी प्रवेशासाठी लागणारे विषय योग्य रीतीने निवडलेले असावे लागतात आणि निकालानंतर परिषदेच्या समुपदेशन प्रक्रियेत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. निव्वळ सीयूईटी दिली म्हणून परिषद आपणहून बोलावत नाही. त्याच महाविद्यालयात दुसऱ्या कोणत्याही वाटेने जागा मिळवली, मग ती राज्याच्या प्रक्रियेतून असो वा संलग्न खासगी महाविद्यालयातील असो, तर या शिष्यवृत्तीचा हक्क उरत नाही. ती पुढे चालू राहण्यासाठी ठरावीक गुणसरासरीही राखावी लागते. रक्कम घर चालवण्याइतकी नसते; पण सरकारी कृषी विद्यापीठाचे माफक शुल्क आणि वसतिगृह लक्षात घेता ती खर्चाचा लक्षणीय भाग उचलते. पदव्युत्तर स्तरावर परिषदेची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती याहून बरीच मोठी असते. ती परीक्षेतील वरच्या क्रमांकांना मिळते. ती न मिळालेल्या आणि राज्याबाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिथेही प्रज्ञा शिष्यवृत्ती आहे.

मंडळाला बांधलेल्या शिष्यवृत्त्या

परीक्षा मंडळाला बांधलेली शिष्यवृत्ती विद्यार्थ्याबरोबर देशात कुठेही जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची केंद्रीय क्षेत्र योजना ही त्यांतली सर्वांत व्यापक. दरवर्षी कमाल ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांची राज्यनिहाय वाटणी १८ ते २५ वयोगटातील लोकसंख्येच्या प्रमाणात होते आणि नंतर ती मंडळांत, तसेच विज्ञान, वाणिज्य व कला या शाखांत ३:२:१ या प्रमाणात विभागली जाते. निम्म्या मुलींसाठी असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४.५ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि विद्यार्थी आपल्या मंडळात, आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असावा, या मुख्य अटी.

येथे पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत होते. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. आपल्या शाखेतील विद्यार्थ्यांपैकी शेकडा ८० जण ज्याच्या मागे आहेत, तो त्या रेषेवर आहे. त्यामुळे ही रेषा दर मंडळात, दर शाखेत आणि दर वर्षी वेगळी पडते. गोवा मंडळाच्या विद्यार्थ्याची तुलना गोवा मंडळाच्याच विद्यार्थ्यांशी होते, तो पुढे पुण्यात शिकत असो वा हैदराबादेत. रेषा ओलांडली म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असे मात्र नाही. ती केवळ अर्जाची पात्रता. निवड गुणानुक्रमे, त्या मंडळाच्या वाट्याच्या संख्येपुरती होते. गोव्याचा वाटा लोकसंख्येमुळे लहान, पण स्पर्धाही त्याच मापाची.

रक्कम पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर स्तरावर, तसेच व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी २०,००० रुपये. महिना हजार रुपयांत पुण्यातील खोलीचे भाडेही निघत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही कला वा वाणिज्य शाखेत सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात शिकणाऱ्याचे वार्षिक शुल्क यातून बहुधा भागते. नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते.

मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी याहून कितीतरी मोठी संधी आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ कार्यक्रमातील उच्च शिक्षण शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यांपैकी ६०,००० विद्यार्थ्याच्या हाती येतात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. आपल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत पहिल्या एक टक्क्यात येणारा आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भूविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, समुद्रविज्ञान अशा नैसर्गिक विज्ञानांत पदवी किंवा एकात्मिक पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी तिला पात्र ठरतो. जेईई वा नीटमध्ये वरच्या १०,००० क्रमांकांत येऊनही विज्ञानाची पदवी निवडणाऱ्यांनाही दार उघडे आहे. उत्पन्नाची अट नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. सुखवस्तू घरांतून ‘नुसतं बीएस्सी करून काय?’ असे विचारले जाते, त्याचे हे एक रोकडे उत्तर आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा २०२२ मध्ये बंद होऊन ती याच कार्यक्रमात विलीन झाली. जुन्या मार्गदर्शिका वाचून तिची वाट पाहू नये.

जिथे राज्य विचारले जात नाही

आयआयटीत अधिवासाचा प्रश्न येत नाही. फर्मागुडीची आयआयटी गोव्यात असली तरी तिथे गोव्यासाठी जागा राखीव नाहीत. तसेच गोव्याच्या विद्यार्थ्याला मुंबई किंवा चेन्नईच्या आयआयटीत परके मानले जात नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे सुरतकलच्या एनआयटीत गोव्याचा विद्यार्थी ‘इतर राज्ये’ या रांगेत उभा राहतो. पण हा भेद प्रवेशापुरता. एकदा आत गेल्यावर शुल्क आणि शुल्कमाफी सर्वांना सारखी: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ, एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ. ही सवलत नावाला शिष्यवृत्ती नसेल, पण अनेक कथित गुणवत्ता शिष्यवृत्त्यांपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

केंद्रीय विद्यापीठांची गोष्टही तशीच. हैदराबाद विद्यापीठ, हैदराबादचेच इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्ली, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ या ठिकाणी मुख्यतः सीयूईटीच्या गुणांवर प्रवेश होतो आणि गोव्याचा विद्यार्थी स्थानिकाच्या बरोबरीने अर्ज करतो. कमी शुल्क ही या संस्थांनी दिलेली अघोषित शिष्यवृत्तीच म्हणावी लागेल. कला व सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याने दूरच्या राज्य विद्यापीठातील एखाद्या पुरस्काराच्या आशेपेक्षा आधी हा रस्ता पाहावा. खरा प्रश्न वसतिगृहाचा असतो. दिल्लीत महाविद्यालयात जागा मिळणे आणि वसतिगृहात जागा मिळणे या दोन वेगळ्या लढाया आहेत.

गोव्यानेच द्यायची शिष्यवृत्ती

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागास वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती गुणवत्तेची नसली तरी तिचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण तिच्याविषयीचा गैरसमज महागात पडतो. केंद्र व राज्य यांच्या संयुक्त खर्चाची ही योजना विद्यार्थी कोठे शिकतो यावर नव्हे, तर तो मूळ कोणत्या राज्याचा आहे यावर चालते. काणकोणचा वेळीप किंवा केपेचा गावडा समाजातील विद्यार्थी कोल्हापुरात शिकत असेल, तर त्याचा अर्ज गोव्याच्या आदिवासी कल्याण संचालनालयाकडे यायला हवा, महाराष्ट्राकडे नव्हे.

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला. हा दर्जा गोवा राज्यापुरता आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात, जो मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून उद्भवला होता, स्पष्ट केले की एका राज्यात अनुसूचित असलेल्या समाजातील व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथे आपोआप अनुसूचित ठरत नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या राखीव जागेवर गोव्याचा दाखला चालत नाही; केंद्रीय संस्थांत मात्र चालतो, आणि शिष्यवृत्तीचा गोव्यावरील हक्क दोन्हीकडे शाबूत राहतो.

बेळगावकरांसाठी स्वतंत्र दार

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांची स्थिती गोमंतकीयांपेक्षा वेगळी आहे. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशप्रक्रियेत उमेदवारांचे जे प्रकार केले आहेत, त्यांतील ‘ई’ हा प्रकार महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातील संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विवादित भागातील वास्तव्य वा शिक्षण आणि मातृभाषा यांचे विहित नमुन्यातील दाखले जोडले की तो महाराष्ट्राचा उमेदवार मानला जातो. खानापूर वा निपाणीच्या विद्यार्थ्याला यामुळे जी जागा मिळते, ती त्याच गुणांच्या पणजीच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. पण जागेचा नियम आणि शुल्क प्रतिपूर्तीचा नियम वेगवेगळ्या शासननिर्णयांत असतात. ‘ई’ प्रकारातून प्रवेश झाला, म्हणून महाडीबीटीवरील प्रत्येक योजना लागू होईल असे समजू नये. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी महाविद्यालयाकडून त्या योजनेपुरते लेखी उत्तर घ्यावे.

विद्यापीठाच्या पदरचे

महाराष्ट्र, कर्नाटक किंवा गुजरातमधील राज्य विद्यापीठे बाहेरच्या हुशार विद्यार्थ्यांना आकर्षित करण्यासाठी स्वतःच्या निधीतून भरघोस शिष्यवृत्ती देत नाहीत. अमेरिकेतील काही राज्य विद्यापीठे गुण पाहून परराज्यातील विद्यार्थ्याला शुल्कात मोठी सूट देतात. तिथले नातेवाईक फोनवर सांगतात ते हेच. आपल्याकडे तशी पद्धत नाही. संस्थानिकांच्या काळात मात्र ती होती. बडोदा संस्थानचे प्रजाजन नसलेल्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव महाराजांनी मुंबईतील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली; बदल्यात शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याची अट होती. आजच्या कोणत्याही राज्याच्या नियमावलीत अशा विद्यार्थ्याला बसवणे कठीण.

जे उरते ते देणगीदारांच्या निधीतून चालणारे. जवळजवळ प्रत्येक जुन्या विद्यापीठात अशी पारितोषिके व शिष्यवृत्त्या आहेत. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मुंबई इलाख्यात एकेकाळी मॅट्रिकच्या परीक्षेतील सर्वोच्च मानांपैकी एक होती. देणगीपत्रात एखादा विषय, जिल्हा, ज्ञाती किंवा केवळ गुणानुक्रम अशी अट असते. ज्यात केवळ विषय आणि गुण लिहिलेले असतात, त्या बाहेरच्यांनाही खुल्या असतात; पण त्यांतील बहुतेक पहिल्या वर्षाच्या निकालानंतर मिळतात. प्रवेशाच्या वेळी त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. पुणे, कोल्हापूर येथील विद्यापीठांची ‘कमवा व शिका’ योजना हा याहून खात्रीचा आधार. तिथे काम केलेल्या तासांचे पैसे मिळतात, आणि पुष्कळ कर्तबगार माणसे त्याच पैशांवर शिकली आहेत.

पदवीनंतर चित्र पालटते. राज्याची सीमा जवळजवळ पुसली जाते आणि राष्ट्रीय परीक्षा महत्त्वाच्या ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्तीत १०,००० जागा आहेत. पदवीच्या गुणांवर निवड होते आणि वर्षातील दहा महिने दरमहा १५,००० रुपये मिळतात. गेट उत्तीर्ण होऊन एमटेक करणाऱ्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये, तर नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळवणाऱ्यास दरमहा ३७,००० रुपये. गोवा शासनाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना पदव्युत्तर व संशोधन स्तरावरील निवडक विद्यार्थ्यांना देशातील किंवा परदेशातील नामांकित संस्थांसाठी साहाय्य देते. तिला पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला लागतो, म्हणजे ही खुंटी गोव्यातच आहे. ज्या घराला एकदाच मुलाला बाहेर पाठवणे परवडते, त्याने पदवी गोव्यात आणि पदव्युत्तर बाहेर असा क्रम ठेवणे पैशाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे आहे, असे या सगळ्या नियमांकडे पाहता वाटते.

कागद, खाते आणि पहिले वर्ष

बहुतेक केंद्रीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतात. आधारवर आधारलेली एकवेळ नोंदणी आधी करावी लागते. तिथे अधिवासाचे राज्य गोवाच लिहावे. महाविद्यालय पुण्यात आहे म्हणून महाराष्ट्र निवडणारे अर्ज पुढच्या पडताळणीत अडकतात. अर्जाची पहिली पडताळणी विद्यार्थी जिथे शिकतो त्या संस्थेतील नोडल अधिकारी करतो. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या कार्यालयांची सारी सवय महाडीबीटीची. शेकडो अर्जांत राष्ट्रीय पोर्टलवरचा गोव्याचा एकटा अर्ज दुर्लक्षित राहण्याचा धोका खरा असतो. अर्ज केल्यानंतर आठवड्याभरात कार्यालयात जाऊन तो पडताळला गेला की नाही, हे स्वतः पाहावे. मुदत संपल्यावर पात्रता सिद्ध करून उपयोग नसतो.

मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला, निवासाचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा दाखला बारावीच्या निकालापूर्वीच तयार ठेवावा. नंतर त्यासाठी वसतिगृहातून रजा काढून गावी यावे लागते. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. नव्या शहरात नवे खाते उघडताना बँकेने तेच आधारशी जोडले, तर पुढचा हप्ता त्या खात्यात जातो. घरी जुन्या खात्याचे पुस्तक भरून आणणाऱ्या आई-वडिलांना वाटते की शिष्यवृत्ती बंद पडली. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. इन्स्पायर मिळत असेल तर केंद्रीय क्षेत्र योजनेचा हट्ट धरू नये; दोन्हीकडे नाव निघाल्यास आधी मिळालेली रक्कम परत करण्याची वेळ येऊ शकते.

आणि पहिल्या वर्षाचा खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीच्या भरवशावर योजू नये. शुल्क जुलै-ऑगस्टमध्ये भरावे लागते. अर्ज, पडताळण्या आणि गुणवत्ता यादी होऊन पैसे हाती येईपर्यंत वर्ष सरत आलेले असते. या मधल्या काळासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. ती राज्याबाहेर शिकणाऱ्या गोमंतकीयांनाही लागू आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरतानाच तपासावे. जागा स्वीकारल्यानंतर तपासून काही बदलत नाही.